हौसेला मोल असतेच!

धानाची कापणी होते, मळणी होते, केंद्रावर माप होते आणि चुकारे हाती आले म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या घरांतून हिशेबाच्या वह्या उघडतात. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलीच्या कॉलेजची फी, पावसाळ्यात गळलेल्या छपराची डागडुजी अशी यादी वाढत जाते आणि सगळ्यांत शेवटी, वडीलधाऱ्यांची नजर चुकवून, कोणीतरी एक ओळ लिहितो : 'कॅमेऱ्याची लेन्स, वीस हजार.' नोकरदारांच्या घरी चुकाऱ्यांच्या जागी बोनस असतो, एवढाच काय तो फरक. "कॅमेरा आहे ना घरात? मग आता आणखी काय?" हा प्रश्न मग येतोच, आणि विचारणाऱ्याचे काही चुकते असेही नाही. त्याला समाधानकारक उत्तर द्यायचे तर ते आधी आपल्याला ठाऊक असायला हवे. बहुतेक हौशी मंडळींची अडचण नेमकी तिथेच होते.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. ज्याने कोणी हे म्हटले त्याच्यावर लेन्सच्या किमती विचारत हिंडण्याची वेळ आली नसावी. मोल असतेच, आणि मध्यमवर्गीय घरात ते कोणत्या तरी दुसऱ्या गरजेच्या तोंडून काढावे लागते. म्हणूनच हे वीस हजार रुपये कशावर घालायचे, झूम लेन्सवर की प्राइम लेन्सवर, हा प्रश्न आम्ही रविवारच्या या जागेवर घेत आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण चुकीची घेतलेली लेन्स एक तर कपाटात पडून राहते, नाहीतर माणसाला भलत्याच वाटेने नेते. ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तिच्याकडे ओघाने येऊच.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बहिर्गोल भिंग आणि त्याचे नाभीय अंतर आपण सगळ्यांनीच घोकलेले असते. परीक्षेनंतर ते विसरतो, ही गोष्ट वेगळी. कॅमेऱ्याच्या लेन्सवर ५०, ३५ किंवा ३०० असा जो आकडा असतो, तो मिलिमीटरमधले तेच नाभीय अंतर. आकडा मोठा, तितकी दूरची वस्तू मोठी दिसणार आणि चौकट अरुंद होणार. आकडा लहान, तितकी चौकट ऐसपैस. प्राइम लेन्सला असा एकच आकडा असतो. वस्तू मोठी दिसायला हवी तर पुढे जा, सगळे कुटुंब चौकटीत यायला हवे तर मागे सरका. झूमला दोन आकडे असतात, १८-५५ किंवा ५५-२५०, आणि आतली भिंगे मागेपुढे सरकवून या दोहोंमधले कोणतेही अंतर जागचे न हलता मिळते. एका ठिकाणी पाय चालवायचे, दुसऱ्या ठिकाणी मनगट, असे म्हणा ना.

मग ज्यात इतकी सोय आहे ते सोडून कोणी प्राइम का घ्यावी? आजच्या ग्राहकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण कॅमेऱ्याच्या खोक्यातच त्याला १८-५५ चा झूम मिळतो. पूर्वी हे उलटे होते. छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिला झूम बाजारात आला तो १९५९ मध्ये, 'झूमार' या नावाने. ३६ ते ८२ मिलिमीटरचा तो झूम फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने विकायला काढला. त्याआधीची छायाचित्रे प्राइमनेच काढलेली. त्यानंतरही बरीच वर्षे हौशी माणसाला झूम परवडत नसे. ज्यांनी १९८०-९० च्या काळात हा छंद केला त्यांना रशियन झेनिट आठवत असेल, हातात घेतला की मनगट दुखवणारा आणि ५८ मिलिमीटरची लेन्स घेऊन येणारा. किंवा ५० मिलिमीटरवाला पेंटॅक्स के-१०००. निवड करायचा प्रश्नच नव्हता. रोलमध्ये ३६ चित्रे, समोर एकच लेन्स, आणि धुऊन आल्यावर त्यातली सहा चांगली निघाली तर सणासुदीचा आनंद.

झूमची सोय फुकट मिळत नाही. अनेक अंतरांवर काम करणाऱ्या भिंगाला प्रत्येक अंतरावर थोडीथोडी तडजोड करावी लागते, आणि स्वस्त झूममध्ये ही तडजोड मुख्यतः उजेडाच्या बाबतीत होते. लेन्सवर नाभीय अंतराखेरीज 'एफ' चा एक आकडा असतो. नाभीय अंतराला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. आता हिशेब पाहा. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी प्राइम घेतली तर तिचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे. खोक्यासोबत आलेला झूम ५५ वर नेला की तो एफ ५.६ वर येतो आणि त्याचे छिद्र उरते जेमतेम दहा मिलिमीटरचे, शर्टाच्या गुंडीएवढे. प्रकाशातला फरक जवळजवळ दहा पटींचा होतो. प्राइमला जिथे सेकंदाचा दीडशेवा भाग पुरतो, तिथे झूमला पंधरावा भाग लागतो. पंधराव्या भागात खेळते मूल हलते, हसणाऱ्या आजीची मान हलते, आणि आपला हातही हलतो. मग आपण म्हणतो, कॅमेरा चांगला नाही.

दुपारी बारा वाजता शेतात उभे राहिलात तर हा फरक जाणवणारही नाही. ऊन सगळ्यांना सारखे. पण हौशी माणूस दुपारी बारा वाजता छायाचित्रे काढतो का? तो काढतो सुटीच्या दिवशी, संध्याकाळी, घरात, आणि आपल्याकडची घरे, विशेषतः गावातली जुनी, उन्हाळ्याशी दोन हात करायला बांधलेली. जाड भिंती, लहान खिडक्या, ओसरीवरून आत गेले की डोळे सरावायला अर्धा मिनिट लागावा असा गारवा आणि काळोख. तिथेच चुलीपुढची आई, झोपलेले नातवंड, देवघरातला दिवा, म्हणजे ज्यांच्यासाठी कॅमेरा घेतला ती माणसे आणि त्या जागा. मोहाडी, आंधळगावकडे कोशाच्या साड्या विणल्या जातात, ज्यांच्या करवती काठाची कीर्ती दूरवर गेली आहे. माग घरातच असतो आणि त्यावर उजेड पडतो तो एखाद्या खिडकीतून, एका बाजूने. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात उजेड असतो तो भट्टीचा. अशा ठिकाणी फ्लॅश मारला की सगळे चित्र लग्नाच्या अल्बमसारखे पांढरेफटक होते आणि माणसे दचकतात ती वेगळीच.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडईचे दिवस येतात. दिवसा दंडार, खडी गंमत, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. शामियान्यात हजारांनी माणसे, घोंगड्या-शाली पांघरून बसलेली, लहान मुले आईच्या मांडीवर झोपलेली, रंगमंचावर लाल-निळे दिवे आणि नाटक चालणार पहाटेपर्यंत. या नाटकांवर लिहिले पुष्कळ जाते. पण नाटक पाहणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे फारशी का दिसत नाहीत? एक कारण असे की ज्याच्या हाती कॅमेरा असतो त्याच्या कॅमेऱ्यावर शर्टाच्या गुंडीएवढे छिद्र असते. रंगमंचावरचा उजेड उडून प्रेक्षकांच्या पहिल्या दोन रांगांवर पडतो. तेवढा उजेड एफ १.८ ला पुरतो.

प्राइमचे इतके कौतुक केले, तर तिचा एक दोषही सांगितला पाहिजे, कारण दुकानात तो सहसा सांगत नाहीत. हौशी लोकांचे बहुतेक कॅमेरे लहान सेन्सरचे असतात. त्यांच्यावर ५० ची लेन्स लावली की ती जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या ७५-८० सारखी वागते. एका माणसाच्या चेहऱ्याला ती छान. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचे कुटुंब बसवा, मागे सरका, आणखी सरका, पाठ भिंतीला टेकते आणि तरी मोठे काका चौकटीबाहेरच. झेनिटच्या काळी ५०-५८ ची लेन्स जे दाखवायची ते आज पाहायचे असेल तर लहान सेन्सरवर ३५ ची लावावी लागते. घर, ओसरी, आठवडी बाजार, शाळेचे स्नेहसंमेलन यांसाठी आमचे मत ३५ ला आहे. ५० स्वस्त असते, म्हणून लोक ती आधी घेतात, आणि चेहऱ्यांचीच आवड असेल तर त्यात चूक काही नाही.

एकाच भिंगावर किती काम होऊ शकते याचे उदाहरण शोधायला पॅरिसला जायला नको. (कार्तिए-ब्रेसाँ याने आयुष्यभर बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या लेन्सने केले, हे सगळे फोटो-क्लब सांगतातच.) आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, कनू गांधी नावाचा तरुण होता. बापूंचा नातू लागायचा, चुलत घराण्यातला. त्याला बापूंची छायाचित्रे काढायची होती. परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, 'इकडे पाहा, असे बसा' म्हणायचे नाही, आणि आश्रम एक पैसाही देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. रोलायफ्लेक्सला दोन भिंगे दिसतात, पण एक पाहण्यासाठी आणि एक चित्र घेण्यासाठी. बदलता येत नाही, वाढवता येत नाही. जे हवे त्याच्याजवळ जायचे, नको असेल तर दूर व्हायचे. १९३८ पासून बापूंच्या अखेरीपर्यंत, सुमारे दहा वर्षे, कनू गांधींनी त्या अटींखाली काम केले. कुडाच्या कुटीतला बापू, वजन करून घेणारा बापू, रेल्वेच्या डब्यातून हात पुढे करणारा बापू हे चित्रांतून आपल्या ओळखीचे झाले, त्यात या तरुणाचा मोठा वाटा आहे. त्या तीन अटी आज वाचताना वाटते की हौशी छायाचित्रकाराचे अंदाजपत्रकच कोणी तरी लिहून ठेवले आहे : उजेड असेल तेवढाच, माणसे असतील तशीच, आणि पैसे तुमचे तुम्ही पाहा.

अर्थात कनू गांधींना एक सवलत होती जी आपल्याला सगळीकडे नसते. त्यांना जवळ जाता येत होते. वाघाच्या बाबतीत हे चालत नाही.

आणि भंडारा जिल्ह्यात राहून वाघाचा विषय टाळता येत नाही. कोका अभयारण्य शहरापासून हाकेच्या अंतरावर, डिसेंबर २०१३ मध्ये झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आपल्या आणि गोंदिया जिल्ह्यांत पसरलेला, आणि पवनीच्या बाजूने उमरेड-पवनी-करांडला. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ २०१३ मध्ये करांडल्याला गेला आणि एप्रिल २०१६ नंतर कोणाला दिसला नाही. मधल्या काळात त्याची किती छायाचित्रे निघाली असतील याची गणतीच नाही. आपल्याकडे लेन्ससाठी जे कर्ज काढले जाते, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा असे एखादे छायाचित्र असते. शेजाऱ्याने मोबाइलवर वाघाचा भरचौकट चेहरा पाठवला की आपल्या १८-५५ मधला ठिपका बघवत नाही.

इथे झूमशिवाय गत्यंतर नाही, हे सरळ मान्य करायला हवे. जिप्सीतून उतरता येत नाही, वाघ किती अंतरावर येईल हे आपल्या हाती नाही, आणि आला तर लेन्स बदलत बसायला वेळ नसतो. उन्हाळ्यातल्या सफारीत लेन्स काढून उघडा कॅमेरा धुळीत धरणे हा तर शुद्ध वेडेपणा. लांब पल्ल्याच्या प्राइम लेन्स असतात, पण त्यातल्या चांगल्यांच्या किमती ऐकून आपल्याकडचा माणूस ट्रॅक्टरचे भाव विचारायला निघून जाईल. म्हणून हौशी माणसाला जंगलात झूमच. प्रश्न एवढाच की कोणता, आणि वर्षातून किती दिवसांसाठी.

आता सुरुवातीला ज्या गंभीर गोष्टीकडे नंतर येऊ म्हटले होते तिच्याकडे येऊ. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. आपल्या भंडारा जिल्ह्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतात. धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी पावसाळ्यात त्यांचे घरटे असते. सहसा दोन अंडी, महिनाभर नर-मादी आळीपाळीने उबवतात. मालगुजारी तलावांच्या आणि धानाच्या या मुलखाने हा पक्षी सांभाळला आहे, त्यात शेतकऱ्यांचा वाटा मोठा, आणि गोंदियाच्या 'सेवा' संस्थेने त्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव काम केले आहे. आता समजा आपण बांधावर उभे आहोत आणि शंभर मीटरवर पाच फूट उंचीचा सारस आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स असेल तर पक्षी चौकटीच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढा दिसेल. २५० चा झूम असेल तर चौथ्या भागाएवढा. ६०० असेल तर निम्म्याहून मोठा. हा झाला भूमितीचा हिशेब. पण ज्याच्याकडे २५० आहे आणि मनात शेजाऱ्याचे ६०० चे चित्र आहे, तो काय करतो? तो बांधावरून खाली उतरतो. चिखलात पाय टाकतो. शंभर मीटरचे पन्नास होतात, पन्नासाचे तीस. पक्षी मान उंचावतो, उठतो, ओरडतो, घरट्यापासून दूर जातो. तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात आणि कावळा कुठे ना कुठे बसलेलाच असतो. चित्र मिळते. त्याला बक्षीसही मिळेल कदाचित. लेन्स अपुरी होती म्हणून जी किंमत वाचली ती पक्ष्याने चुकवली, हे चित्रात दिसत नाही.

महाग लेन्स घेतली म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो असेही समजू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला आणि 'एफ-२' वाघीण व तिचे पाच बछडे मधे अडकले. त्या गाड्यांतून कॅमेरे होते, मोबाइल होते. प्रकरण इतके गाजले की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा दोष लांब लेन्स नसण्याचा नव्हता. पण आमचे म्हणणे असे की आपल्याजवळ जी लेन्स आहे तिच्या आवाक्यातलेच चित्र काढायचे, हे एकदा मनाशी पक्के केले की यातले निम्मे प्रकार थांबतात. चौथ्या भागाएवढा सारस, भोवती हिरवे धान, मागे तलावाची पाळ आणि वर पावसाचे आभाळ, हे चित्र काही वाईट नाही. उलट सारस कुठे राहतो ते त्यातच कळते. भरचौकट चेहऱ्यात ते कळत नाही. तो सारस प्राणिसंग्रहालयातलाही असू शकतो.

आता पैशाकडे वळू, कारण वहीतली ती ओळ अजून तशीच आहे.

कॅमेऱ्यासोबत आलेला १८-५५ चा झूम विकू नका. त्याचे मिळतातच किती? दिवसाउजेडी, प्रवासात, देवदर्शनाला, पवनीचा किल्ला पाहायला तो पुरेसा आहे. त्यात एक प्राइम घाला. डीएसएलआर असेल तर ५० ची एफ १.८ नवी साधारण दहा हजारांच्या आसपास येते, ३५ ची त्याहून महाग, आणि मिररलेस कॅमेऱ्याच्या लेन्सना आणखी थोडे अधिक मोजावे लागतात. उरलेल्या पैशांत ५५-२५० किंवा ७०-३०० चा झूम वापरलेला बघावा. मिररलेसची लाट आल्यापासून पुष्कळ लोक जुने डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स काढून टाकत आहेत, त्यामुळे वापरलेल्या मालाचे भाव उतरले आहेत. ज्याच्याकडे जुना डीएसएलआर चांगला चालतो आहे त्याच्यासाठी हे दिवस सुगीचे म्हणायचे. १५०-६०० चा झूम मात्र नवा घेतला तर लाखाच्या घरात जातो आणि वजन दोन किलोच्या आसपास. वर्षातून दोन सफारींसाठी तो विकत घेणे म्हणजे दोन लग्नांसाठी घोडी पाळणे. मोठ्या शहरांतून अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. अनामत ठेवावी लागते, ओळखपत्र द्यावे लागते, पण हिशेब त्यातच बसतो.

आणखी एक झूम आहे ज्याच्यापासून सांभाळून राहावे, १८-३०० सारखा, 'एकातच सगळे' म्हणून विकला जाणारा. किंमत दोन लेन्सची, उजेड शेवटच्या टोकाला अगदी कमी. ज्याला लेन्स बदलण्याचा खरोखर कंटाळा आहे त्याने तो जरूर घ्यावा, त्यात शरम नाही. पण त्याने घरातले आणि नाटकातले फोटो येतील अशी आशा ठेवू नये.

उलट, लग्नाचे काम करणारा छायाचित्रकार झूम का वापरतो, असे विचारून आपल्या झूमचे समर्थन करणारे भेटतात. त्याचा झूम २४-७० चा, सगळ्या अंतरांवर एफ २.८ देणारा असतो, त्याची किंमत आपल्या कॅमेऱ्याहून अधिक असते, आणि मांडवात गर्दीमुळे त्याला हलायला जागा नसते. शिवाय ती लेन्स त्याला कमावून देते. आपली देत नाही.

वापरलेली लेन्स घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बुरशी. वैनगंगेच्या काठचा आपला पावसाळा दमट. कपाटात, चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात. लेन्सच्या मागून मोबाइलची बॅटरी लावून आरपार पाहिले की दिसतात. दिसले तर विकणारा कितीही जवळचा असो, नमस्कार करून निघावे. दुसरी गोष्ट नायकॉनवाल्यांसाठी : डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी 'डी' अक्षराची ५० ची लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचलली, की ती बसते, फोटोही काढते, पण फोकस हाताने करावा लागतो. कित्येकांना हे घरी आल्यावर कळते. आपल्याकडे आणल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून त्या पुड्या फुकट मिळतात. त्या डब्यात धान भरण्याचा मोह घरच्यांना होऊ नये म्हणून वर नाव लिहावे.

एवढे करून कोणी विचारेल, समजा एकच घेता येत असेल तर? पैसे खरोखर दहाच हजार असतील तर? आमचा कौल प्राइमला. कारण वाघ आणि सारस यांची उत्तम छायाचित्रे काढणारे आहेत, आणि ती आपल्याला पाहायला मिळतातही. पण आपल्या आजीची, तिच्या घरातल्या उजेडात, तिला न दचकवता काढलेली छायाचित्रे आपल्याशिवाय कोणी काढणार नाही. ती राहिली की राहिली. ज्या घरात कोणी गेल्यावर फ्रेमसाठी फोटो शोधावा लागला आणि शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून घ्यावा लागला, त्या घरात हे वेगळे सांगायला नको. अशी घरे थोडी नाहीत. घरात कॅमेरा असूनही असे झालेली घरेही आहेत. त्या कॅमेऱ्यात हरिण होते, मोर होता, कोकाच्या तलावावरचा सूर्यास्त होता.

वहीतली ओळ घरच्यांना दाखवताना हे सांगून पाहावे. 'कॅमेरा आहे, मग आता काय' या प्रश्नाला ते उत्तर होऊ शकेल. वीस हजारांची ओळ दहावर आणली तर आणखी बरे.

लेन्स आली की पहिला आठवडाभर झूम डब्यातच राहू द्यावा आणि घरातल्या घरात हिंडावे. पाय कुठे पुढे न्यायचे, कुठे भिंत येते, ते अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतातच. एफ १.८ वर फोकस डोळ्यावर न बसता नाकावर बसतो, पहिली पन्नास चित्रे तशीच जातात, त्यांचे वाईट वाटून घेऊ नये. डोळे नीट येऊ लागले की मंडईच्या रात्री नाटकाला न्यावी. कडेची जागा धरावी, रंगमंचाकडे पाठ नको पण नजर प्रेक्षकांकडे असावी, आणि फ्लॅश बंद आहे हे दोनदा तपासावे. बॅटऱ्या मात्र दोन घ्याव्यात. नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि मांडीवरची मुले जागी होतात ती शेवटच्या अंकात.